यंत्रांची डुलकी

निजणाराच्या म्हशीला टोणगा, असे आपले जुने लोक सांगत आले. माणसांची ही गोष्ट यंत्रांनाही लागू पडावी, ही मोठी मौज! मी पडलो मराठीचा अध्यापक. शास्त्रात माझी गती बेताचीच. पण या विषयातला मूळ प्रश्न मला माझ्याच प्रांतातला वाटतो : बोलणारा कोण, आणि ते बोल त्याचेच कशावरून?

खिशातला मोबाइल घ्या, नाही तर दारावरची बॅटरीची घंटा घ्या. बिनतारी संदेशासाठी अखंड कान टवकारून बसणे फार खर्चाचे. म्हणून ही उपकरणे मधूनमधून डुलकी घेतात. वायफायची रीत अशी : उपकरण राउटरला वर्दी देते, ‘मी निजतो.’ राउटर त्याचे टपाल राखून ठेवतो आणि सेकंदाला साधारण दहा वेळा दवंडी पिटतो. उपकरण दवंडीपुरते डोळे उघडते. टपाल असेल तर मागून घेते, नसेल तर पुन्हा कूस बदलते.

गोम आहे ती इथेच. टपाल मोहोरबंद, पण निजण्याची वर्दी मात्र उघडी, बिनसहीची! कोणीही तिऱ्हाइताने दुसऱ्याच्या नावाने ती द्यावी. निजलेल्याच्या नावाने तोतया टपाल मागू शकतो व ते वाया घालवू शकतो, हे बेलार्डो आणि सॅव्हेज यांनी २००३ सालीच दाखवून दिले होते. २०२३ साली शेपर्स, रंगनाथन व वानहूफ यांनी त्यापुढचा प्रकार उघड केला. तोतयाने आधी खोटी वर्दी देऊन टपाल साठवायला लावायचे, मग राउटरला जुनी किल्ली मोडीत काढायला लावायची आणि शेवटी ‘मी जागा झालो’ म्हणायचे. काही राउटर ते टपाल चक्क उघडेच पाठवीत; काही नुसत्या शून्यांच्या किल्लीने बंद करीत!

उलट बाजूही आहे : झोपूच द्यायचे नाही. केंब्रिजच्या स्टॅजानो व अँडरसन यांनी १९९९ साली या निद्रानाशाच्या छळाकडे लक्ष वेधले. वायफायचे उपकरण तर अनोळखी पत्रालाही सभ्यपणे पोच देते, हे अबेदी व अबारी यांनी २०२० साली दाखवले. पोच देता देता बॅटरी संपते. घंटेची संपली तर पाहुणा परत जाईल. पण चोराची चाहूल घेणाऱ्या पहारेकऱ्याची संपली तर?

उपाय अवघड नाही; वर्दीवरही सही हवी. तोवर आपण राउटरची नवी दुरुस्ती वेळच्या वेळी करून घ्यावी. बँकेच्या संकेतस्थळावरचा मजकूर तिथल्या वेगळ्या मोहोरेखाली येतो, तो राउटर चुकला तरी शाबूत राहतो.

यंत्राने झोपावे, खुशाल झोपावे. फक्त ‘निजलो’ हे त्याचे त्यालाच म्हणता आले पाहिजे.