खताची गोळी चिखलात, नायट्रेट विहिरीबाहेर

भाताच्या कुणग्यात युरिया फेकला की त्याचं पुढे काय होणार, हे पाऊस ठरवतो. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत.

युरियाचं पाण्यात अमोनियम होतं. त्याचा भार धन आणि चिकणमातीचा ऋण, म्हणून ते मातीला चिकटून राहतं. पण साचलेल्या पाण्यात आणि चिखलाच्या अगदी वरच्या थरात प्राणवायू असतो. तिथले जीवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. नायट्रेटचा भार ऋण. माती त्याला धरत नाही. काही वायू होऊन उडतं, उरलेलं पाण्याबरोबर निघतं: व्हाळात, जांभ्याच्या भेगांत, किनाऱ्याच्या वाळूतून विहिरीत. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करू शकतं. पाणी उकळून ते जात नाही, उलट दाट होतं.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातले ३५ टक्क्यांहून अधिक नमुने या मर्यादेपलीकडे होते. वर्धा, बुलढाणा, अमरावती ही नावं त्यात ठळक आहेत. विहीर एकदा बिघडली की सुधारायला वर्षं जातात, म्हणून सिंधुदुर्गातल्या मालवणात काम आधीच, लावणीतच व्हायला हवं.

त्याची रीत कोकणाला नवी नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी दर चार चुडांच्या चौकोनात सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचतात. गुंठ्याला पावणेदोन किलो पुरतं. त्या खोलीवर प्राणवायू नसतो, म्हणून अमोनियम अमोनियमच राहतं आणि मुळं ते सावकाश घेतात. चिखलणीत गिरिपुष्पाचा पाला गाडला की विकतचं खतही कमी लागतं.

अडचण मजुरीची आहे आणि ती खरी आहे. ऐन पावसात वाकून शेकडो गोळ्या खोचायच्या, तेही गडी मिळत नसताना. शेतकऱ्याला नुसतं ‘खत कमी वापरा’ सांगणाऱ्याने आधी एक गुंठा स्वतः लावून पाहावा. गोळी वेळेवर गावात मिळणं, गोळी खोचायचं सोपं अवजार आणि आपल्याच विहिरीच्या पाण्याची तपासणी, ती पावसाआधी आणि पावसानंतरही, हे दिलं तर बोलणं बरोबरीचं होतं. तपासणीत विहिरीजवळचा उकिरडा आणि पर्यटकांसाठी वाढलेले शोषखड्डेही धरावे लागतील. नायट्रेट तिथूनही झिरपतं. त्याचा हिशेब एकट्या भातशेतीच्या नावावर मांडता येणार नाही.