वारसा कुटुंबाचा की शहराचा?

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची ‘एनबीए’ ही संघटना. तिच्या मालक मंडळाने ३० ऑक्टोबर २०२५ रोजी लॉस एंजेलिस लेकर्स या संघाच्या विक्रीस मान्यता दिली आणि जेरी बस यांच्या कुटुंबाची ४६ वर्षांची सत्ता संपुष्टात आली. संघाचे मूल्य या व्यवहारात सुमारे १० अब्ज डॉलर धरले गेले. क्रीडा पानावरची बातमी म्हणून ती वाचून सोडून देणे सोपे आहे. वस्तुतः हा वारसाहक्काचा विषय आहे आणि ज्या देशातील बहुतेक मोठे उद्योग कुटुंबांच्या हाती आहेत, त्या देशाने तो काळजीपूर्वक समजून घ्यायला हवा.

जेरी बस यांनी मालमत्तेच्या व्यवहारांतून पैसा उभा केला आणि १९७९ मध्ये ६ कोटी ७५ लाख डॉलरला लेकर्स विकत घेतला. त्या रकमेत एक आइस हॉकी संघ, फोरम हे क्रीडागृह आणि एक विस्तीर्ण कुरणही होते. त्यांच्या हयातीत संघाने १० विजेतेपदे मिळवली. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा संघातील त्यांचा ६६ टक्के हिस्सा विश्वस्त निधीमार्फत सहा अपत्यांकडे समान गेला. निर्णयाचा अधिकार मात्र कन्या जीनी यांच्याकडे सोपवलेला होता. धन सहा जणांचे आणि सत्ता एकीची, अशी ती योजना होती.

कागदावर निर्दोष भासणाऱ्या या योजनेची परीक्षा चारच वर्षांत झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये जीनी यांनी भाऊ जिम यांना संघबांधणीच्या प्रमुखपदावरून दूर केले. पाठोपाठ दोघा थोरल्या भावांनी संचालक मंडळाच्या निवडणुकीतून बहिणीलाच बाजूला सारण्याचा प्रयत्न केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि महिनाभरात समझोता होऊन जीनी यांचे नियंत्रण मान्य झाले. २०२० मध्ये संघाने पुन्हा विजेतेपद पटकावले. मृत्युपत्र नि:संदिग्ध असल्याने संघ वाचला, असे म्हणता येईल. आपल्याकडे धीरूभाई अंबानी २००२ मध्ये मृत्युपत्र न करता गेले आणि २००५ मध्ये रिलायन्सची वाटणी करावी लागली, हे येथे आठवते.

तरीही मृत्युपत्राला भाऊबंदकी रोखता आली, विक्री रोखता आली नाही. मालमत्तेचे मूल्य अब्जावधींत गेले की ज्या वारसाच्या हाती कारभार नाही, त्याच्यासाठी ती केवळ कागदावरची श्रीमंती उरते. पिढीगणिक वारस वाढतात आणि त्यांच्या गरजा वेगळ्या होतात. शिवाय अमेरिकेत मोठ्या वारशावर ४० टक्क्यांपर्यंत केंद्रीय कर लागतो. बोस्टन सेल्टिक्सच्या मालक कुटुंबाने २००२ मध्ये ३६ कोटी डॉलरला घेतलेला संघ २०२५ मध्ये ६.१ अब्जांना विकला आणि त्यामागे वारसा नियोजन हेच कारण दिले होते. युटा जॅझ संघ राज्याबाहेर जाऊ नये म्हणून मिलर कुटुंबाने २०१७ मध्ये तो खास न्यासात ठेवला होता. तोही २०२० मध्ये विकला गेला. संघ युटातच राहिला, कुटुंबाचा मात्र राहिला नाही.

मग विक्रीत गैर काय? खरेदीदार मार्क वॉल्टर हे अनुभवी आहेत. लॉस एंजेलिसच्या बेसबॉल संघाचेही ते मालक आहेत. प्रश्न गाभ्याचा आहे तो असा, की संघाचा वारसा ज्या प्रेक्षकांनी घडवला, त्यांना या व्यवहारात कोणतेही स्थान नाही. ‘लेकर्स’ हे नावच सरोवरांच्या मिनेसोटा राज्यातले. १९६० मध्ये संघ तेथून उचलला गेला आणि नाव तेवढे सोबत आले. २००६ मध्ये सिएटलचा संघ ओक्लाहोमाच्या गुंतवणूकदारांनी घेतला आणि दोनच वर्षांत शहर संघाला मुकले. २०१३ मध्ये मलूफ कुटुंब सॅक्रामेंटो किंग्ज विकायला निघाले, तेव्हा तीच पाळी त्या शहरावर येत होती. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने संघ घेतला म्हणून तो तेथे टिकला. मात्र त्यासाठी नव्या क्रीडागृहाला महापालिकेने २५ कोटी डॉलरहून अधिक वाटा दिला. नफा खासगी आणि जोखीम सार्वजनिक, हा हिशेब आपल्यालाही अपरिचित नाही.

भारतातील क्रिकेट संघ याच वाटेवर आहेत. चेन्नई सुपर किंग्ज हा संघ इंडिया सिमेंट्सपासून वेगळ्या कंपनीत गेला. २०२४ च्या अखेरीस सिमेंट कंपनी अल्ट्राटेककडे गेली, तरी संघ एन. श्रीनिवासन यांच्या कुटुंबाच्या प्रभावाखाली राहिला. कारखान्यापेक्षा संघ अधिक जपावासा वाटला, यातच त्याचे वाढते मोल दिसते. भारताने वारसा कर १९८५ मध्येच रद्द केला, त्यामुळे तशी विक्रीची सक्ती येथे नाही. म्हणजे आपल्याकडे संघ दीर्घकाळ कुटुंबांतच राहतील आणि वारसांचे तंटेही तेथेच होतील.

म्हणून नियम आधी हवेत. संघाचे नाव आणि शहर यांची सांगड करारात पक्की असावी, सार्वजनिक मैदान वापरणाऱ्या संघाने त्याची वाजवी किंमत मोजावी आणि मालकी बदलताना शहराचे म्हणणे ऐकले जावे. कुटुंबाला आपला हिस्सा विकण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र लाखो लोकांच्या निष्ठेवर ज्याचे मूल्य उभे आहे, त्या संस्थेचे भवितव्य केवळ मृत्युपत्राच्या भाषेवर सोडणे योग्य नाही.