उसात बिबट्याची पिल्ले सापडली तर?



साखर कारखान्यांचा हंगाम लागला, की आपल्या कोल्हापूर भागात उसाचे फड एकामागून एक मोकळे होऊ लागतात. बिबट्याला हा ऊस म्हणजे रानच. दाट आडोसा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री नि शेळ्या. मादी तिथेच विते. मग तोडकऱ्यांचा कोयता आत पोचला, की पाचटात पिल्ले दिसतात आणि एकच हाकाटी होते, ‘धरा, आणि लांब जंगलात नेऊन सोडा!’

भीती खोटी नाही. रात्री पाणी पाजायला जाणाऱ्यालाच ती ठाऊक. पण हा उपाय करून पाहिलेला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात २००१ पासून पुष्कळ बिबटे धरून दूरच्या रानात सोडले. तेथे माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले! असे का व्हावे? बिबट्याला आपला मुलूख पाठ असतो. परक्या ठिकाणी तो बावरतो, भटकतो, माणसाच्या वाटेत येतो. २००९ साली नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेला एक बिबट्या माळशेज घाटात सोडला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. शिवाय रिकाम्या झालेल्या जागी दुसरा बिबट्या येतोच.

आता पिल्लांचे पाहा. ती शिकार शिकतात आईकडून. माणसाच्या हातावर वाढलेले पिल्लू ना शिकार शिकते, ना माणसाला भिते. त्याला पुन्हा रानात सोडणे अवघड. बहुधा जन्माचा पिंजराच. जुन्नरजवळ माणिकडोहला अशा बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. पण केंद्र म्हणजे रान नव्हे. इकडे पिल्ले हरवलेली मादी चवताळून फडाभोवती घिरट्या घालते. म्हणजे धोका वाढतो तो आपलाच.

तेव्हा करावे काय? पिल्लांना हात लावू नये. तोडणी थांबवून सर्वांनी बाजूला व्हावे, आणि वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पशुवैद्य पिल्ले तपासतात. मग सांजवेळी ती पेटीत घालून सापडल्या जागीच ठेवतात. माणसांची गर्दी नसली, तर रात्री आई येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. जुन्नर भागात हे कितीदा तरी घडले आहे.

गुरुजींनी एवढे मुलांना जरूर सांगावे. एका रात्रीची तोडणी खोळंबते खरी. पण त्या रात्रीनेच गाव आणि पिल्ले दोन्ही सुखरूप राहतात.