लाल कॅलिपर न बसवता

सकाळी ८.१०
गॅरेजचं शटर वर केलं तर ऑक्टाविया आरएस दारात उभीच. मालक रात्री गाडी लावून, किल्ली शेजारच्या टपरीवर ठेवून गेलाय. चार दारं आणि अख्खा संसार मावेल एवढी डिकी असलेल्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणायचं का, यावर आमच्या भोसरीत अर्धा दिवस वाद घालता येईल. पण बॉनेटखाली दोन लिटरचं टर्बो इंजिन आहे, २३० अश्वशक्तीचं, आणि पुढच्या आठवड्यात मालक ती चालवत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला नेणार आहे, ट्रॅकवर. ३.७ किलोमीटरची एक फेरी, १२ वळणं. परत आला की सोमवारी त्याच गाडीने हिंजवडीला ऑफिस. सगळं त्रांगडं या ‘त्याच गाडीने’मध्ये आहे.

८.४०
चाकं उतरवली. डिस्कच्या कडेला नख अडकेल एवढी धार आलीय. मायक्रोमीटर लावला, डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीच्या अगदी जवळ. पुढचे लायनर चार मिलिमीटर उरलेत आणि वरून काचेसारखे चकाकतायत, म्हणजे एकदा तरी चांगले भाजलेत. सर्व्हिस बुक उघडलं. ब्रेक ऑइल चार वर्षांत बदललेलंच नाही. गाडीला सिरॅमिक कोटिंग मात्र झालंय.

१०.००
मालक आला, मोबाइल पुढे धरूनच. फोटोत सहा पिस्टनचे लाल कॅलिपर.

“काका, हे बसवलं तर गाडी लवकर थांबेल ना?”

“आत्ता जोरात ब्रेक मारलास की एबीएस लागतं का?”

“लागतं की.”

“मग चाक अडवायला आहेत ते ब्रेक पुरेसे आहेत. त्यापुढे थांबवतो तो टायर.”

त्याचा चेहरा पडला, पण हे सगळ्यांना सांगावंच लागतं. एकदाच थांबायचं असेल तर कंपनीचे ब्रेक बहुतेक वेळा पुरतात. ट्रॅकवर प्रश्न दहाव्यांदा थांबण्याचा असतो, म्हणजे उष्णतेचा. माणसासकट दीड टनाची गाडी ताशी १८० वरून ६० वर आणली, तर त्यात जेवढी उष्णता निघते तेवढीत माठातलं पाच लिटर पाणी उकळीला येईल. घरच्या गॅसवर त्याला वीसेक मिनिटं लागतात, इथे चार-पाच सेकंद. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो, आणि त्या निवायच्या आत पुढचं वळण येतं.

ब्रेक गेले म्हणजे नेमकं काय गेलं, हे पायाला कळतं. पेडल दगडासारखं घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर तापून सुटलेत. पेडल थेट तळाला गेलं तर ऑइल उकळलंय. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट. डॉट ४ प्रतीच्या ऑइलला उकळबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, तोही नवं असताना. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की १५५ अंशांचीच हमी उरते. या गाडीतलं ऑइल पुण्याचे चार पावसाळे प्यायलंय.

मोठे कॅलिपर फुकट जातात असं नाही. पण पुढच्या पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं आणि मास्टर सिलिंडर जुनाच, तर पेडल खोल जातं. पुढच्या चाकांवर जोर वाढतो आणि मागची नुसती बरोबर पळतात. तोल बिघडला तर थांबायचं अंतर उलट वाढूही शकतं. शिवाय गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, विम्याचा प्रश्न आहे. बाजारात मिळणारी लाल प्लास्टिकची टोपणं तर नावच काढू नका, वारा अडवून कॅलिपर आणखी शिजवतात. ब्रेम्बोचा कारखाना इथून जवळ चाकणला आहे, दुचाकींचे ब्रेक बनवतो. ते नाव टोपणावर छापलेलं बघितलं की मला हसू येतं.

यादी ठरली: सगळ्या चाकांना नव्या साध्या डिस्क, फेरोडोचे डीएस २५०० लायनर, मोटुलचं आरबीएफ ६०० ऑइल, स्टीलची जाळी असलेले होस. भोकांच्या डिस्क नकोत. ट्रॅकच्या तापाने भोकांपासून तडे सुरू होतात. निव्वळ शर्यतीचे लायनरही नकोत. ते तापल्याशिवाय धरत नाहीत, सिग्नलला किंचाळतात आणि डिस्क खातात. डिसेंबरच्या सकाळी सोसायटीच्या उतारावर पहिला ब्रेक लागलाच पाहिजे. डीएस २५०० हे मधले आहेत. मधल्या वस्तूला दोन्हीकडे थोडं कमी पडायचं असतं, तेही त्याला सांगून टाकलं.

१२.२०
सात नंबरची ॲलन की, गाइड पिन बाहेर. कॅलिपर होसवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने स्प्रिंगला टांगायचा. हाताखालच्या पोराला हे वर्षभर सांगतोय; आज त्याने न सांगता टांगला. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत काढला. इथे राहिलेला गंजाचा पोपडा डिस्कला तिरकं बसवतो, मग स्टिअरिंग थरथरतं आणि गिऱ्हाईक म्हणतं डिस्क वाकडी दिली.

१.३०
डबा. भेंडी.

२.१५
होस. बँजो बोल्टवर होसच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर येतात, ते दर वेळी नवे. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी मी जुनेच लावले होते. जागेवर पेडल छान लागलं. गाडी ताम्हिणी उतरताना ओल सुटली, मालकाने गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी कशीबशी कडेला घेतली. तो माणूस परत माझ्याकडे आला नाही, आणि त्याचं बरोबर होतं. दहा-वीस रुपयांचे वॉशर होते ते.

३.३०
हवा काढायची. मॅन्युअलमधल्या क्रमाने एकेक चाक. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीत. आधी कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल आलं. मग बुडबुड्यांची माळ, मग सुटे बुडबुडे, मग मधाच्या रंगाचं नवं ऑइल, आणि तेवढ्यात कुठूनसा मोहरीएवढा एकच बुडबुडा. त्या एकासाठी आणखी पाच मिनिटं. मागच्या डाव्या निपलने छळलं, गंजून बसला होता. जोर लावला असता तर मान मोडली असती. गंज सोडवणारा स्प्रे मारला, चहा पिऊन आलो, मग सुटला.

पेडल तळापर्यंत हाणत हवा काढायची नाही. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात एरवी सील जात नाही तिथे गंज असतो, तो सील फाडतो. मी प्रेशरचं यंत्र वापरतो. आणि सांडलेला थेंब लगेच पाण्याने धुवायचा, रंग जातो.

५.४५
चाकं चढवली. बोल्ट समोरासमोर, १२० न्यूटन मीटरवर, टॉर्कच्या पान्याने. पोराचा अंदाज फार चांगला आहे, तरी पान्यानेच.

७.१५
मालकाला पाठ दिले. शेवटची फेरी ब्रेक न मारता निवांत मारायची. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, चाकाला अडण लावायची. पेडलवर पायही ठेवायचा नाही. तापलेला लायनर डिस्कवर जिथे दाबून राहतो तिथे त्याचा थर चिकटतो. लोक ज्याला वाकडी डिस्क म्हणतात ती बऱ्याचदा हीच. डिकीत सात नंबरची ॲलन की आणि ऑइलची एक बंद बाटली ठेवली. उघडलेली ठेवून उपयोग नाही.

“आणि लाल रंग?” जाता जाता विचारलंच.

कॅलिपरचा उष्णतेला टिकणारा रंग मिळतो. परत आल्यावर बघू म्हटलं.

रात्री १०.५०
एमआयडीसीतला रस्ता रिकामा झाला. लायनर बसवायचे म्हणजे नुसते लावायचे नाहीत, त्यांचा पातळ थर डिस्कवर सारखा उतरवायचा. साठवरून दहावर, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता गाडी पळवत निववायची. याहून जास्त तापवणं रस्त्यावर नाही, ते ट्रॅकच्या पहिल्या सेशनमध्ये. सहाव्या वेळी जळका वास आला, आठव्या वेळी पेडल पायाखाली जिवंत झालं. परत येऊन टॉर्चने पाहिलं, डिस्कवर निळसर करडा थर, सगळीकडे सारखा.

तुम्हाला ट्रॅकवर जायचं नसेल, पण महाबळेश्वरहून भरल्या गाडीने पसरणी घाट तुम्हीही उतरता. तुमच्या गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, ते आज सर्व्हिस बुकात बघा. दोन वर्षं उलटली असतील तर बदलून घ्या.