एजंट अनेक, कामाची नोंदवही एक

निर्यातीसाठी १९७३ साली स्थापन झालेले अंधेरीचे सीप्झ पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांचेही केंद्र बनले. या व्यवसायात आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'एजंट' प्रोग्राम लिहू लागले आहेत. क्लॉड कोड, कोडेक्स आणि जेमिनी यांची कमांड लाइनवर, म्हणजे कमांड टाइप करून चालणारी साधने २०२५ मध्ये आली.

एकाच प्रकल्पावर चार एजंट नेमले की कोणाकडे कोणते काम, हा प्रश्न निर्माण होतो. नवे सत्र सुरू झाल्यावर एजंटला आधीचे काम आपोआप आठवेलच असे नाही. दोघांनी एकच फाइल बदलली, तर दोघांचेही श्रम वाया जाऊ शकतात.

यावर उपाय म्हणजे प्रकल्पासोबत राहणारी कामांची नोंदवही. स्टीव्ह येगी यांनी २०२५ मध्ये आणलेले 'बीड्स' हे असेच साधन. लॉगिनचे पान झाल्याशिवाय पैसे भरण्याचे पान हाती घ्यायचे नाही, असा क्रम त्यात नोंदवता येतो. 'बी डी रेडी' ही कमांड दिली की सुरू करण्याजोगी कामेच समोर येतात. एजंट त्यातील एक आपल्या नावे घेतो आणि संपल्यावर बंद करतो.

बोरिवलीहून निघालेला जेवणाचा डबा अनेक डबेवाल्यांच्या हातून जातो. झाकणावरील खूण पाहून पुढच्याला तो कोठे न्यायचा ते कळते. नोंदवहीचे कार्यही तेच. मात्र 'पूर्ण' अशी नोंद म्हणजे काम अचूक झाल्याची हमी नव्हे. ते तपासून स्वीकारण्याची जबाबदारी माणसाचीच राहते.