आभासी तबकडीचे बहुथ्रेडी अनुकरण
एका प्रत्यक्ष (यजमान) संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने उभ्या केलेल्या दुसऱ्या संपूर्ण संगणकास आभासी यंत्र म्हणतात. त्यातील अतिथी परिचालन प्रणालीस जी तबकडी दिसते, ती पुष्कळदा यजमानावरील केवळ एक फाइल असते. तबकडीच्या वर्तनाची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीच्या भागास साठवण प्रयुक्तीचे अनुकरण ही संज्ञा आहे. फाब्रीस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेली क्यूईएमयू ही या प्रकारची सुप्रसिद्ध मुक्त आज्ञावली होय.

आज्ञावलीतील स्वतंत्रपणे चालणाऱ्या कार्यप्रवाहास थ्रेड म्हणतात. क्यूईएमयूमध्ये प्रयुक्तींचे अनुकरण प्रारंभी एकाच मोठ्या कुलपाच्या (लॉकच्या) आधाराने चाले. ते ज्या थ्रेडच्या हाती असेल तोच काम करी. ही रीत सुरक्षित, पण संथ. २०१३ च्या १.४ या आवृत्तीत व्हर्टआयओ तबकडीचे काम स्वतंत्र थ्रेडकडे देण्याची सोय झाली, तर २०२४ च्या ९.० या आवृत्तीत एकाच तबकडीच्या अनेक रांगा निरनिराळ्या थ्रेडांमध्ये वाटता येऊ लागल्या. प्रत्येक रांगेतील विनंत्या तिच्याच थ्रेडने हाताळाव्यात, हा या रचनेचा पाया आहे.

हा नियम एका आडवाटेवर मोडत होता. यजमानावरील जागा संपल्यामुळे लेखन फसल्यास आभासी यंत्र थांबविता येते आणि अपुऱ्या विनंत्या एका यादीत राखून ठेवल्या जातात. जागा करून दिल्यावर यंत्र पुन्हा चालू होते व त्या विनंत्या नव्याने धाडल्या जातात. अतिथी प्रणालीला या खंडाचा पत्ताही लागत नाही. ही यादी मात्र संपूर्ण तबकडीसाठी एकच होती आणि तिच्यातील सर्व विनंत्या एकच थ्रेड धाडीत असे. परिणामी परक्या रांगेची विनंती व त्या रांगेचा मूळ थ्रेड यांची एकाच वेळी गाठ पडून आज्ञावली कोसळण्याचा संभव होता. तबकडी भरणे क्वचितच घडते. त्यात दोन थ्रेडांची वेळ जुळणे त्याहून विरळा. त्यामुळे असा दोष नेहमीच्या चाचण्यांत सहसा सापडत नाही.

यादीला कुलूप लावणे आवश्यक होतेच, व ते लावलेही गेले; परंतु त्याने फक्त यादीची रचना सुरक्षित राहते. विनंती यादीतून बाहेर निघाली की, पुढील कामाला त्याचे संरक्षण नसते. म्हणून २०२४ च्या आरंभी, ९.० प्रकाशित होण्यापूर्वी, दुरुस्ती करताना यादी प्रथम रांगनिहाय विभागली गेली आणि प्रत्येक भाग धाडण्याचे काम त्या त्या रांगेच्या थ्रेडकडे सोपविले गेले. हे सोपविलेले काम पुरे होईपर्यंत ते चालू आदान-प्रदानातच मोजले जाते. त्यामुळे तबकडी रिकामी झाल्याचा चुकीचा समज होऊन ती मध्येच काढून घेतली जात नाही.