संगणकीय नकलांतील अदृश्य चिन्हें : कोणतीं काढावीं व कोणतीं राखावीं

जुन्या दप्तरांतील कागदांच्या, पोथ्यांच्या व छापील साधनग्रंथांच्या नकला आतां बहुधा संगणकावर फाईलच्या रूपानें ठेवल्या जातात. अशा फाईलींत डोळ्यांस दिसणाऱ्या अक्षरांखेरीज न दिसणारीं चिन्हेंही असतात. त्यांच्यामुळें शोध फसतो, ओळी मोडतात, दोन नकला ताडून पाहणें अवघड होतें. म्हणून संग्राहक तीं काढूं पाहतो. एका कमांडनें हें काम क्षणांत होतें. परंतु इंग्रजी मजकुरासाठीं रूढ झालेला उपाय मराठी नकलेवर जसाच्या तसा चालविला तर कचऱ्याबरोबर मूळ पाठही जातो. टाकाऊ चिन्ह कोणतें व पाठाचा भाग कोणता, याचा विवेक कसा करावा, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. चिन्हें कोठून येतात

इ. स. १८९७ मध्यें बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, तेव्हां कुर्डुवाडीच्या स्टेशनास बार्शी रोड म्हणत. मुख्य मार्ग साडेपांच फुटांचा व बार्शीचा अडीच फुटांचा असल्यामुळें एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर जात नसे. माल उतरवून पुन्हां भरावा लागे. मजकुराचीही अशीच चढउतार होते. विंडोजवरून लिनक्सवर, पीडीएफमधून साध्या फाईलींत, संकेतस्थळावरून आपल्या संग्रहांत तो जातो आणि प्रत्येक ठिकाणीं त्यास कांहीं चिकटतें. विंडोजच्या फाईलींत ओळीअखेरच्या १० या अंकापूर्वीं १३ हा अंक असतो. फाईलीच्या आरंभीं कधीं २३९, १८७, १९१ हे तीन बाइट असतात. संकेतस्थळावरील मजकुरांत न तुटणारी जागा (१९४, १६०) व शून्य रुंदीची जागा (२२६, १२८, १३९) पुष्कळदां सांपडते.

२. देवनागरी अक्षराचें पोट

युनिकोडाच्या यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचें असतें : पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा १२८ ते १९१ यांपैकीं. 'कुर्डुवाडी' या नांवांत क, उकार, र, हलन्त, ड, उकार, व, काना, ड व ईकार अशीं १० चिन्हें, म्हणजे ३० बाइट आहेत. त्यांत १२८ हून लहान एकही नाहीं. मोडी लिपीस युनिकोडांत २०१४ मध्यें स्थान मिळालें. तिचें प्रत्येक चिन्ह चार बाइटांचें, परंतु तेही सर्व १२८ व त्यावरचेच आहेत.

यावरून दोन नियम निघतात. पहिला, ० ते ३१ व १२७ हे अंक अक्षराच्या पोटांत कधींच नसतात; ते काढल्यानें अक्षरास धक्का लागत नाहीं. दुसरा, १२७ च्या वरचा बाइट सुटा कधींही काढूं नये.

दुसरा नियम मोडल्यास काय होतें तें पाहावें. 'टीआर' हें साधन एकेक बाइट पाहतें. 'छापण्याजोगें नसेल तें सर्व काढ' अशी आज्ञा त्यास दिली तर 'कुर्डुवाडी' हें नांव संपूर्ण नाहींसें होतें. कोणी केवळ १२८ ते १५९ हीं नियंत्रण-चिन्हें समजून काढलीं तर त्याच नांवांतील क, दोन्ही उकार, हलन्त व ईकार हीं पांच चिन्हें फुटतात. न तुटणारी जागा घालविण्यासाठीं १६० हा बाइट काढला तर ठ हें अक्षर मोडतें, कारण ठ म्हणजे २२४, १६४, १६०. आणि मग 'मराठे' हा शब्दच नकलेंत उरत नाहीं.

३. पृष्ठान्ताचें चिन्ह

३२ च्या खालचीं चिन्हें निर्धोक काढतां येतात, तरी त्यांतील १२ हा अंक संशोधकानें विचारपूर्वक हाताळावा. पीडीएफमधून मजकूर काढणारें 'पीडीएफ-टू-टेक्स्ट' व पानाच्या चित्रावरून अक्षरें वाचणारें 'टेसरॅक्ट' हीं दोन्हीं साधनें एक पान संपलें कीं हें चिन्ह घालतात. तें सरसकट काढलें तर कोणती ओळ कोणत्या पृष्ठावरील, हें सांगण्याचें साधन जातें आणि पृष्ठांक देऊन आधार दाखविणें अशक्य होतें. म्हणून आधीं त्याच्या जागीं '[पृष्ठान्त]' असा दृश्य शब्द घालावा.

४. राखण्याजोगीं दोन चिन्हें

मराठींत अर्धा र दोन प्रकारें लिहितात. 'दर्या' म्हणजे समुद्र, येथें रफार आहे. 'दऱ्या' हें दरीचें अनेकवचन, येथें आडवा अर्धा र आहे. खर्चाच्या यादींत 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्यास आणि 'आचार्यास' म्हणजे गुरूस. हा आडवा र युनिकोडांत दोन रीतींनीं उमटतो : एक, ऱ (२२४, १६४, १७७) व हलन्त, दुसरी, साधा र (२२४, १६४, १७६), हलन्त व त्यापुढें शून्य रुंदीचा जोडक (२२६, १२८, १४१). दुसऱ्या रीतीच्या फाईलींतून जोडक काढला कीं स्वयंपाक्याचा गुरु होतो आणि बदल झाल्याची कोणतीही खूण राहत नाहीं.

जोडकाच्या शेजारचें चिन्ह, म्हणजे शून्य रुंदीचा विभाजक (२२६, १२८, १४०), हलन्त उघडा ठेवतें. 'वाङ्‌मय' यांतील ङ चा मोडलेला पाय त्यामुळें दिसतो. पोथी लिहिणारानें जोडाक्षर केलें कीं पाय मोडला, याची नोंद नकलेंत याच चिन्हानें राहते. हीं चिन्हें आगंतुक नव्हेत. १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकांत उघड्या हलन्तासाठीं हलन्त दोनदां व अर्ध्या रूपासाठीं हलन्त आणि नुक्ता लिहीत; तीच सोय युनिकोडांत अनुक्रमें विभाजक व जोडक यांच्याकडे आली. १३९ टाकाऊ आणि १४०, १४१ राखण्याजोगे, असा हा एका अंकाचा भेद आहे.

५. कामाचा क्रम

पुढील कमांडा उच्चारानुसार देवनागरींत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांनीं व अंकांनीं टंकाव्या.

(अ) मूळ फाईल वेगळी ठेवावी. उत्तराचा बाण त्याच फाईलीकडे वळविला तर ती वाचली जाण्यापूर्वींच रिकामी होते.

(आ) 'ग्रेप -ओ . | सॉर्ट | युनिक -सी' यानें प्रत्येक चिन्ह किती वेळां आलें तें मोजावें. शंकास्पद ठिकाणीं 'ओडी -एएन -टीयू१' यानें बाइट पाहावे.

(इ) 'सेड' या साधनानें १२ चे जागीं पृष्ठान्ताचा शब्द घालावा.

(ई) 'टीआर -डी "\०००-\०१०\०१३-\०३७\१७७"' चालवावें. येथील अंक अष्टमान आहेत. ९ (टॅब) व १० (ओळीचा शेवट) राहतात, बाकीचीं नियंत्रण-चिन्हें जातात. जुन्या मॅकिंटॉशच्या फाईलींत १३ हाच ओळीचा शेवट असे. तेथें आधीं त्याचे १० करावेत, नाहींतर सर्व ओळी एक होतील.

(उ) अनेक बाइटांचें चिन्ह अखंडच काढावें. 'एलसी_ऑल=सी सेड "एस/\डी२२६\डी१२८\डी१३९//जी"' यानें शून्य रुंदीची जागा जाते. आरंभीचे तीन बाइट याच रीतीनें पहिल्या ओळीपुरते काढावे. न तुटणाऱ्या जागेच्या ठिकाणीं साधी जागा घालावी.

(ऊ) र, हलन्त व जोडक या नऊ बाइटांच्या जागीं ऱ व हलन्त हे सहा बाइट घालावे. म्हणजे अर्थभेद अदृश्य चिन्हावर अवलंबून राहत नाहीं व शोधही पुरा होतो. बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्यें पंढरपुरास पोहोंचली. त्या गाडीविषयींच्या मजकुरांत 'वारकऱ्यांस' हा शब्द शोधतांना दोन्ही रीती मिसळलेल्या असतील तर एका रीतीचीं स्थळें हातीं येतात व दुसरीचीं निसटतात.

(ए) शेवटीं 'डब्ल्यूसी -सी' यानें पूर्वींचे व नंतरचे बाइट मोजावे. अंतर मोजणींतील चिन्हांशीं जुळलें पाहिजे. प्रत्येक १३ चा एक, शून्य रुंदीच्या जागेचे तीन, आडव्या र च्या प्रत्येक बदलाचे तीन उणे होतात, आणि घातलेल्या पृष्ठान्ताच्या शब्दांचे बाइट अधिक होतात. हिशेब जुळला नाहीं तर नकल स्वीकारूं नये.

चालविलेल्या कमांडा दिनांकासह नकलेजवळ नोंदून ठेवाव्या. मूळ कागद कसरीनें किंवा ओलीनें गेल्यावर नकल हाच एकमेव पुरावा उरतो. तिच्यांतून काय काढलें हें तेव्हां या नोंदीवरूनच कळेल.